हापशाचा दांडा आणि इंग्रजीचा उतारा

इंग्रजीच्या पेपरात ‘न पाहिलेला उतारा’ नावाचा एक प्रश्न असतो. तो दहावीला असतो, बँकेच्या आणि इतर स्पर्धा परीक्षांना असतो. परदेशी शिकायला जायचे म्हटले तर तिथेही तोच वेगळ्या नावाने दारात उभा असतो. व्याकरण घोकता येते, निबंध पाठ करता येतो; पण हा उतारा पाठ करता येत नाही. तो समोर आल्यावरच वाचायचा असतो. माढ्यासारख्या तालुक्याच्या गावात, जिथे कष्टकऱ्याच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र येत नाही आणि आईबापाला इंग्रजीत सहीपलीकडे काही येत नाही, तिथल्या मुलांना या प्रश्नाचे भय वाटते. हे भय कमी करण्याचा एक साधा आणि बिनखर्चाचा मार्ग आम्हाला सापडला आहे. तो समाजबांधवांपुढे, विशेषतः आयाबहिणींपुढे ठेवावा म्हणून हा लेखनप्रपंच.

मार्ग असा : मुलांना सुरुवातीलाच इंग्रजी गोष्टी आणि निसर्गवर्णने देऊ नका. एखादे यंत्र कसे चालते याचे इंग्रजी वर्णन द्या. हापसा, प्रेशर कुकर, शिलाई मशीन, फवारणीचा पंप, मोटरीचा स्टार्टर अशी आपल्या हाताखालची यंत्रे घ्या. यंत्राच्या वर्णनात अलंकार नसतात. आधी काय होते, मग काय होते, कशामुळे होते, एवढेच असते. आणि यंत्र तर आपल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या हाताळलेले आहे.

मी वीज खात्यात तारतंत्री होतो. माझे इंग्रजी शाळेत तयार झाले नाही. मोटर, मीटर आणि स्टार्टर यांच्या माहितीपुस्तिका वाचता वाचता ते तयार झाले. पण ही गोष्ट मुलांना उपयोगी पडेल हे लक्षात आले ते माझ्या पुतणीमुळे.

माझा धाकटा भाऊ उसाच्या हंगामात गाडीवर असतो, एरवी मिळेल ते काम करतो. त्याची मुलगी बी.एस्सी. झाली. राज्य शासनाच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २००३ पासून आहे. तिचा लाभ घेऊन पुढे शिकावे असे तिच्या मनाने घेतले. पण शिष्यवृत्तीआधी विद्यापीठात प्रवेश हवा आणि प्रवेशासाठी बहुतेक विद्यापीठे इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात. त्यांपैकी आयईएलटीएस ही परीक्षा तिने निवडली. या परीक्षेला एकदा बसायचे तर पंधरा हजारांहून अधिक रुपये मोजावे लागतात आणि मिळालेले गुण दोनच वर्षे चालतात. आमच्या घरी एवढी रक्कम एकदाच उभी राहू शकते. ‘नाही जमले तर पुन्हा बसू’ हे वाक्य ज्यांच्या घरी शोभते त्यांच्या घरी शोभते. आमच्या घरी नाही.

या परीक्षेत वाचनाचा वेगळा पेपर असतो. तीन लांब उतारे, चाळीस प्रश्न आणि वेळ फक्त साठ मिनिटे. उत्तरे उतरवून काढायला वेगळा वेळ नाही. साधारण तेवीस उत्तरे बरोबर आली तर सहाची श्रेणी मिळते, तिसाच्या आसपास आली तर सातची. आमच्या मुलीने घरी घड्याळ लावून पहिला सराव केला, तेव्हा तिची एकोणीस उत्तरे बरोबर आली. मी तिचा कागद पाहिला. ज्या उताऱ्यात यंत्राचे वर्णन होते तोच तिने शेवटी ठेवला होता आणि त्यातले निम्मे प्रश्न कोरे सोडले होते. विचारले तर म्हणाली, “काका, ते टेक्निकल आहे. मला नाही जमायचं.”

जी मुलगी लहानपणी माझ्याबरोबर बॅटरी धरून विहिरीवर येत होती, फ्यूज गेला की स्टार्टर जळाला हे आवाजावरून ओळखत होती, तिने हे म्हणावे! मला तिचा राग आला नाही. यंत्राचे पुस्तक आपल्यासाठी नाही, ही समजूत तिची एकटीची नाही. ती फार जुनी आहे आणि ती आपण होऊन आपल्यात आलेली नाही.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. प. पू. बाबासाहेब अध्यक्ष होते. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच आयुष्य काढतो. स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामाला लावतो म्हणून विटाळाच्या भीतीने त्याला साधे पोर्टरही करत नाहीत. हे त्यांनी तिथे स्पष्ट मांडले. कापड गिरण्यांतही तीच गत होती. विणखात्यात पगार जास्त. पण तिथे धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्या धाग्याला आपल्या माणसाचे तोंड लागू नये म्हणून विणखात्याची दारे आपल्याला बंद. म्हणजे यंत्र चालवण्याची अक्कल नव्हती म्हणून नव्हे, तर विटाळ होतो म्हणून आपल्याला यंत्रापासून दूर ठेवले गेले.

आमच्याच तालुक्यात कुर्डुवाडीला बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १८९७ पासून धावू लागली. पुढे तिथे वर्कशॉप उभे राहिले. त्या काळी देशभर रेल्वेची नियमपुस्तके आणि यंत्रांची पुस्तके इंग्रजीत आणि साहेबाच्या टेबलावर असत. हात एकाचे आणि पुस्तक दुसऱ्याचे, अशी ती वाटणी होती. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीज आणि पाटबंधारे हे विषयही त्यांच्याकडे होते. त्याच काळात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. हात आणि पुस्तक एकाच माणसाकडे यावे, यासाठीच ती धडपड होती. मग आपल्या मुलीने यंत्राचा उतारा पाहून पान उलटावे का?

म्हणून आम्ही हापशापासून सुरुवात केली. दर रविवारी विहारात वंदना झाल्यावर एक तास बसायचे ठरले. पुतणीबरोबर वस्तीतली नववी-दहावीची मुलेही येऊ लागली. हापसाच का? गावोगावच्या बोअरवर जो लोखंडी हापसा दिसतो त्याचे नाव इंडिया मार्क दोन. १९७० च्या दशकात भारत सरकार आणि युनिसेफ यांच्या पुढाकाराने तो तयार झाला आणि पुढे जगातल्या अनेक देशांत गेला. त्याची रचना ज्या पंपावरून घेतली त्या पंपाचे नाव होते सोलापूर पंप! त्या वेळच्या पंपांमध्ये तो सर्वांत टिकाऊ होता आणि स्वतःच शिकून, स्वतःच्या हिकमतीने तयार झालेल्या एका भारतीय मेकॅनिकने तो बनवला होता. ७२ च्या दुष्काळाच्या आठवणी ऐकत वाढलेल्या आमच्या सोलापूर जिल्ह्याच्या मुलांना याहून जवळचे यंत्र कोणते?

या हापशाचे काम इंग्रजी उताऱ्यात कसे सांगितलेले असते ते पाहा. बाहेरचा लांब दांडा खाली दाबला की त्याच्या आतल्या टोकाची साखळी वर ओढली जाते. साखळीला जोडलेल्या सळया बोअरमध्ये खोलवर गेलेल्या असतात. त्यांच्या टोकाला नळकांड्यात एक दट्ट्या असतो. दट्ट्या वर जाताना त्यातली झडप मिटते, वरचे पाणी उचलले जाते आणि त्याच वेळी खालची झडप उघडून नळकांड्यात नवे पाणी येते. दांडा वर सोडला की सळयांच्या वजनाने दट्ट्या खाली येतो. आता खालची झडप मिटते, दट्ट्याची झडप उघडते आणि पाणी दट्ट्याच्या वर जाते. दांड्याचे बाहेरचे अंतर आतल्या अंतराच्या आठपट असते, म्हणून बाईमाणसालाही पन्नास मीटरपर्यंतच्या खोलीवरून पाणी काढता येते.

आता वाचायचे कसे? पहिले काम म्हणजे चित्र काढणे. सुंदर नको, रेघोट्या चालतील. उतारा वाचत वाचत दांडा, साखळी, सळई, दट्ट्या, दोन झडपा काढायच्या आणि प्रत्येकाशेजारी उताऱ्यातला इंग्रजी शब्द लिहायचा. दांडा म्हणजे हँडल, साखळी म्हणजे चेन, दट्ट्या म्हणजे प्लंजर, झडप म्हणजे व्हॉल्व्ह. परीक्षेत अपूर्ण चित्र देऊन नावे भरायला सांगतात, त्याचा सराव आपोआप होतो.

दुसरे काम क्रियापदाखाली रेघ मारणे. यंत्राच्या इंग्रजीत करणारा माणूस बहुधा दिसत नाही. ‘व्हेन द हँडल इज पुश्ड डाउन, द प्लंजर इज लिफ्टेड’ असे वाक्य येते. दांडा दाबला जातो, दट्ट्या उचलला जातो. कोण दाबतो ते सांगत नाहीत. मुले इथेच अडखळतात, कारण ती कर्ता शोधत बसतात. ‘इज’ आणि त्याच्या पुढचा शब्द एकत्र वाचायची सवय लागली की निम्मा उतारा मोकळा होतो.

तिसरे काम जोडशब्दांभोवती गोल करणे. ‘देन’ म्हणजे नंतर, ‘वन्स’ म्हणजे एकदा का ते झाले की, ‘सो दॅट’ म्हणजे अमुक व्हावे म्हणून, ‘अन्टिल’ म्हणजे तोपर्यंत, ‘अनलेस’ म्हणजे तसे झाले नाही तर. नटबोल्ट जसे यंत्र धरून ठेवतात तसे हे छोटे शब्द उतारा धरून ठेवतात. कठीण लांब शब्दाचा अर्थ एक वेळ नाही कळला तरी चालेल, पण हे शब्द चुकले की अर्थच उलटा होतो.

त्यानंतर प्रश्न. या परीक्षेत एक खास प्रकार असतो. एक विधान देतात आणि उताऱ्याप्रमाणे ते खरे, खोटे की ‘दिलेले नाही’ ते लिहायचे असते. मी मुलांना विधाने दिली. दांडा खाली दाबताना पाणी वर उचलले जाते. हे खरे. साखळी दट्ट्याला खाली ढकलते. हे खोटे, साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही, आणि उताऱ्यात सळयांच्या वजनाचा स्पष्ट उल्लेख आहे. हापशातले वायसर सर्वांत आधी झिजतात. यावर एका मुलाने छातीठोकपणे ‘खरे’ लिहिले. त्याचे वडील बोअरची दुरुस्ती करतात. वायसर झिजतात हे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. पण उताऱ्यात ते कुठे आहे? कुठेच नाही. म्हणजे उत्तर ‘दिलेले नाही’.

मुलगा हिरमुसला. “पण काका, ते खरंच झिजतात!” त्याचे बरोबर होते. मी त्याला म्हटले, “तुझ्या वडिलांचे ज्ञान खोटे नाही. पण परीक्षक तुला हापसा विचारत नाही, कागद विचारतो आहे.” यंत्र माहीत असण्याचा हा एक धोका आहे. ज्ञान उतारा लवकर समजायला वापरावे, उत्तर द्यायला नव्हे. चित्रातली नावे भरतानाही हेच. घरी आपण ‘वायसर’ म्हणतो, पण उताऱ्यात ‘सील’ लिहिले असेल तर ‘सील’च लिहायचे, स्पेलिंगसह. दोन शब्दांत उत्तर द्या असे म्हटले असेल तर तिसरा शब्द लिहिला की उत्तर गेले.

शेवटचे विधान होते : सोलापूर पंप बनवणारा मेकॅनिक गरीब घरातला होता. एक चुणचुणीत मुलगी लगेच म्हणाली, “काका, गरीबच काय, तो आपल्यातलाच असणार!” सगळी मुले हसली आणि सगळ्यांना ते पटलेही. मलाही मनातून तसेच वाटावे असे वाटले. स्वतःच शिकलेला, हातात कसब असलेला, आपल्या जिल्ह्याचे नाव लावणारा पंप बनवणारा माणूस आपलाच असावा, असे कोणाला वाटणार नाही? पण उताऱ्यात तो भारतीय होता आणि स्वतः शिकलेला होता एवढेच आहे. त्याचे घर, त्याची जात, त्याची गरिबी यांतले काहीही नाही. उत्तर : दिलेले नाही.

त्या दिवशी इंग्रजी बाजूला ठेवून आम्ही कालाम सुत्तावर बोललो. केसपुत्त नगरीच्या कालामांना भगवान बुद्धांनी काय सांगितले? केवळ ऐकले म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या. मग जे आपल्या मनाला गोड वाटते ते तरी पारखल्याशिवाय कसे मानायचे? दुसऱ्यांनी आपल्याबद्दल पुराव्याशिवाय रचलेल्या गोष्टींनी आपले हजारो वर्षे नुकसान केले. म्हणून तरी आपण पुराव्याच्या एक पाऊलही पुढे जाता कामा नये. ‘दिलेले नाही’ हे उत्तर लिहायला धैर्य लागते, कारण त्यात आपली इच्छा बाजूला सारावी लागते. मुलांना हे पटले असे मला वाटते. त्या चुणचुणीत मुलीने तर पुढच्या रविवारी मलाच पकडले. मी बोलता बोलता काही विधान केले, तर म्हणाली, “काका, हे उताऱ्यात दिलेलं नाही!”

हापशानंतर कुकर घेतला. त्या रविवारी आयांना मुद्दाम बोलावले. वस्तीतल्या एक भगिनी चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत. त्यांच्या मुलाने कुकरबरोबर आलेले इंग्रजी माहितीपत्रक वाचायचे, मराठीत सांगायचे आणि आईने ते तपासायचे, असे ठरवले. मुलगा म्हणाला, “शिटी झाली की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो.” आई म्हणाली, “काहीतरीच! तो रोज उघडायला लागला तर भात कधी शिजायचा? शिटीचं भोक तुंबलं तरच तो उडतो.” मुलाने पुन्हा पाहिले. वाक्यात ‘ओन्ली इफ’ होते. फक्त तसे झाले तरच! ते दोन शब्द त्याने वाचलेच नव्हते. आईला इंग्रजीचे अक्षर येत नव्हते, पण चूक तिनेच पकडली. आतल्या झाकणाच्या कुकरची वाफ झाकणाला वर दाबून धरते, म्हणून वाफ उतरेपर्यंत ते उघडत नाही, हेही त्या माउलीने हातवारे करून समजावले. आत दाब वाढला की पाणी शंभरऐवजी एकशे वीस अंशांच्या आसपास उकळते आणि म्हणून डाळ लवकर शिजते, ही भर मुलाने माहिती शोधून घातली. मुलाकडे अक्षर आणि आईकडे यंत्र. दोघांची मिळून शिकवणी झाली.

हे ‘ओन्ली इफ’ आणि ‘अनलेस’ केवळ परीक्षेपुरते नाहीत, हेही पालकांनी ध्यानात घ्यावे. कर्जाच्या कागदावर, विम्याच्या कागदावर, नोकरीच्या करारावर हेच शब्द बारीक अक्षरांत बसलेले असतात. हप्ता अमुक तारखेपर्यंत भरला नाही तर काय होईल, ते याच शब्दांच्या मागे दडलेले असते. ज्या मुलाने हापशाचा आणि कुकरचा उतारा नीट वाचला, तो उद्या बापाच्या अंगठ्याआधी कागद वाचेल.

पुढे आम्ही उजनीच्या वीज केंद्राकडे वळलो. धरण आमच्याच तालुक्याच्या हद्दीवर, १९८० साली पूर्ण झालेले. त्याच्या पायथ्याशी बारा मेगावॅटचे केंद्र आहे. पाणी नळातून वेगाने खाली येते, टर्बाइनची पाती फिरवते, पात्यांचा दांडा जनित्र फिरवतो, विजेचा दाब ट्रान्सफॉर्मरमध्ये वाढवला जातो आणि मग ती तारांवर चढते. चौकटी आणि बाण काढून हे क्रमाने मांडायचे, म्हणजे फ्लो चार्ट झाला. हाच प्रकार दहावीच्या पेपरातही येतो.

ज्यांना घरी हे सुरू करायचे आहे त्यांनी रोज अर्धा तास काढावा. नवीन वस्तूबरोबर येणारी इंग्रजी माहितीपत्रके रद्दीत टाकू नयेत. पंखा, मिक्सर, फवारणीचा पंप, काहीही चालेल. पहिल्या दिवशी वाचून चित्र काढावे, दुसऱ्या दिवशी क्रियापदे आणि जोडशब्द पाहावेत, तिसऱ्या दिवशी घड्याळ लावून प्रश्न सोडवावेत. प्रश्न मुलांनीच एकमेकांसाठी तयार करावेत. जो ‘दिलेले नाही’ हा प्रश्न तयार करू शकतो त्याला तो सोडवताही येतो. एका प्रश्नावर अडून बसू नये. आयईएलटीएसच्या या पेपरात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही जागा कोरी सोडू नये. इतर परीक्षांचे नियम मात्र वेगळे असतात. ते आधी वाचून घ्यावेत. यंत्राचे उतारे अंगवळणी पडले की मग इतिहासाचे, प्राण्यांचे, समाजाचे उतारे घ्यावेत. वाचण्याची रीत तीच राहते.

आमच्या पुतणीची सरावातली उत्तरे एकोणिसावरून सव्वीसवर आणि गेल्या आठवड्यात एकोणतीसवर आली आहेत. भावाने परीक्षेची रक्कम भरली आहे. पुढच्या महिन्यात तिचा पेपर आहे. ती कुठल्या विद्यापीठात जाईल, जाईल की नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण आता यंत्राचा उतारा ती शेवटी ठेवत नाही, सर्वांत आधी तोच सोडवते.

आपल्या वस्तीत विहार असेल, एखादा फिटर, वायरमन, शिवणकाम करणारी ताई आणि इंग्रजी वाचता येणारा एखादा कॉलेजचा विद्यार्थी असेल, तर येत्या रविवारी वंदनेनंतर या सर्वांना एका सतरंजीवर बसवा. मधोमध एक यंत्र ठेवा आणि त्याचा कागद मुलाच्या हातात द्या. जयभीम!